रिकामं करायचं, मोजायचं, भरायचं

सकाळी ६:४०

शेअर रिक्षाची चौथी सीट भरली की रिक्षा सुटते. सिस्टर आधीच येऊन बसल्यात. मांडीवर पिशवी. पिशवीत डबा, पांढरे बूट, पाण्याची बाटली. मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. मोबाइल असूनही ते लागतंच, कारण सलाइनचे थेंब मोजताना दोन्ही हात मोकळे हवेत.

जायचे वीस, यायचे वीस. महिन्याला हजार रुपये रिक्षालाच जातात. पगार वीस हजार, ऑर्डर अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नवी ऑर्डर. अशा पाच ऑर्डरी झाल्यात. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला स्त्रियांचा सर्जरी वॉर्ड ही त्यांची नेमणूक.

सकाळी ७:५०

वॉर्डात खाटा तीस, पेशंट अडतीस. आठ जणी खाली गाद्यांवर. रात्रीच्या सिस्टर खाटेखाटेने चार्ज देतात. चौदा नंबरपाशी दोघी थांबतात.

चौदा नंबरच्या आजी शहात्तर वर्षांच्या. मंगळवेढ्याच्या बाजूच्या. रविवारी रात्री कॅज्युअल्टीतून वर आल्या, आज बुधवार. वजन एकतीस किलो. नाकात नळी, म्हणजे आरटी. हाताला सलाइन, खाटेला लघवीची पिशवी.

"रात्रभरात आरटीतून नऊशे. लघवी सहाशे. उलटी नाही. पण पहाटे चारपासून नळीत काही नाही."

शेवटचं वाक्य ऐकून सिस्टर आजींच्या बरगडीखाली, डाव्या बाजूला हात ठेवतात. हाताला फुगवटा लागतो. नळीतून काही येत नाही याचे दोन अर्थ होतात. पोट रिकामं झालं, नाहीतर नळी तुंबली. पिस्टनने वीस मिली पाणी घालून बघतात. पाणी आत जात नाही.

"तुंबलीय. जाड टाकायला लागेल."

सकाळी ८:१५

वॉर्डात चौदा आणि सोळा नंबरच्या नळ्या आहेत. अठरा हवी. मावशी ऑपरेशन थिएटरच्या स्टोअरमधून घेऊन येतात. टोकाला लाल, म्हणजे अठरा.

ट्रेमध्ये नळी, झायलोकेन जेली, पन्नासचा पिस्टन, मायक्रोपोर, किडनी ट्रे. आजींना उठवून बसवतात. सून पाठीमागून आधार देते.

"पुन्हा नळी? नगं गं बाई."

"आजी, जुनी चोंदली. आतलं बाहेर निघालं नाही, तर दुर्बिणीच्या वेळी छातीत जाईल. दोन मिनिटं कळ काढा. मी म्हटलं की आवंढा गिळा."

माप घेतात. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. तिथे चिकटपट्टीची खूण. जुनी नळी ओढून काढतात. टोकाच्या भोकांत तुरीच्या डाळीची सालं अडकलीत. आजींनी शेवटचं खाल्लं ते रविवारी दुपारी, आमटी कुस्करलेली भाकरी. तीन दिवस ती तिथेच होती.

नवी नळी आत जाते. आजी खोकतात. सिस्टर लगेच थांबतात, थोडी मागे घेतात, श्वास बघतात. "हनुवटी छातीला लावा. आता गिळा. गिळा. अजून एकदा." खुणेपर्यंत गेली. पिस्टन ओढला की आंबूस वासाचं करडं पाणी भसकन येतं. चारशे मिली. सिस्टर वाकून रंग बघतात. पिवळा-हिरवा नाही, म्हणजे पित्त नाही. अडथळा पित्त येऊन मिळतं त्या जागेच्या वर आहे, जठराच्या दारापाशी.

सकाळी ८:४०

पोट धुण्याचं काम. कोमट सलाइन, एका वेळी दोनशे मिली घालायचं, दोनशे काढायचं. घातलेलं किती आणि निघालेलं किती, दोन्ही कागदावर. घातलेलं वजा केलं नाही तर आजींच्या अंगातून किती गेलं याचा हिशेब चुकतो.

पहिल्या चार वेळा ज्वारीचे कण येतात. मग नुसतं गढूळ पाणी. मग धुरकट. बाराव्या वेळी स्वच्छ. सिस्टरांची कंबर धरलीय. त्या सरळ उभ्या राहतात, हात धुतात, पलीकडे पंधरा नंबरचं ड्रेसिंग वाट बघत असतं.

सकाळी ९:४०

राउंड. युनिटचे सर, रेसिडेंट, इंटर्न, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. रेसिडेंट केस सांगतो.

तीन महिन्यांपासून थोडं खाल्लं की पोट तटायचं. मग उलट्या, दिवसाआड. सकाळचं संध्याकाळी पडायचं, तेही न पचलेलं. उलटी झाली की बरं वाटायचं. मग आजींनीच खाणं कमी केलं. घरच्यांना वाटलं, वयामुळे भूक मंदावली. रविवारी आल्या तेव्हा जीभ कोरडी, डोळे खोल, थोडी गुंगी. पोटावर डावीकडून उजवीकडे सरकणारी लाट कातडीखाली दिसत होती. स्टेथोस्कोप ठेवून कंबर हलवली, तर अर्धं भरलेलं मडकं हलवल्यासारखा आवाज आला. आणि जेवून तेव्हा आठ तास झाले होते.

"रक्त?"

"पोटॅशियम २.६, क्लोराइड ८२, बायकार्बोनेट ३८, क्रिएटिनिन १.८. आज पोटॅशियम ३.४, क्रिएटिनिन १.१."

सर एका विद्यार्थिनीकडे वळतात. "शहात्तर वय. उलटीत कालचं जेवण. पित्त नाही. वजन उतरलेलं. पहिला विचार कशाचा?"

"अल्सर, सर. व्रण भरताना जागा आक्रसून."

"मी रेसिडेंट होतो तेव्हा हे उत्तर बरोबर होतं. दर ऑपरेशनच्या दिवशी असा एखादा अल्सरवाला टेबलावर असायचा. ओमेप्रॅझोल आलं, व्रण गोळ्यांनी भरायला लागले, अल्सरमागच्या जंतूवर अँटिबायोटिक आलं, तशी ती रांग ओसरली. आता या वयात पहिला विचार कॅन्सरचा. जठराचा, नाहीतर स्वादुपिंडाच्या डोक्याचा. तो नाही असं सिद्ध होईपर्यंत तोच धरून चालायचं."

काल सीटी स्कॅन झाला. त्यासाठीही क्रिएटिनिन उतरायची वाट बघावी लागली, कारण डाय किडनीवर पडते. फिल्ममध्ये जठर ओटीपोटापर्यंत उतरलेलं, दारापाशी भिंत जाड. गाठ आहे की जुन्या व्रणाची सूज, हे फिल्म सांगत नाही. स्वादुपिंड साफ.

"आणखी काय विचारलं?"

इंटर्न म्हणते, "सर, गुडघ्याच्या गोळ्या. पाच वर्षं. गावातल्या दुकानातून, पुडीत सुट्ट्या."

सुनेने ती पुडी आणलीय. दोन प्रकारच्या गोळ्या, एक डायक्लोफेनॅक. दिवसाला पाच रुपयांच्या. गेल्या दिवाळीपर्यंत आजी खुरपायला जात होत्या. रोज तीनशे रुपये. गोळी घेतली तर दिवसभर उकिडवं बसता यायचं. कामाला जाताना काही खात नसत, गोळी चहाबरोबर.

सर पुडी विद्यार्थ्यांच्या हातात देतात, सगळ्यांना बघायला लावतात. मग नळीच्या बाटलीकडे बोट करतात. "व्हिएन्नात बिलरोथनी जानेवारी १८८१ मध्ये याच जागेचा कॅन्सर कापून काढला आणि रोगी बाई टेबलावरून जिवंत उठली. त्याआधी तिचं पोट धुऊन घेतलं होतं. आज आपल्याकडे काय काय आहे, तरी पहिली पायरी तीच. सिस्टर, किती वेळा धुतलं?"

"बारा, सर. आता पाणी स्वच्छ आहे."

"मग साडेअकराला दुर्बीण."

सकाळी १०:२०

राउंडनंतर ऑर्डरी. नव्या इंटर्नने चौदा नंबरच्या कागदावर पेरिनॉर्म लिहिलंय. मळमळीचं इंजेक्शन. सिस्टर त्याला बाजूला घेतात.

"हे जठराला ढकलायला लावतं. पुढे दार बंद आहे. ढकलून जाणार कुठे? कळा येतील. सरांना विचारून खोडा."

तो विचारून येतो आणि खोडतो. पुढे सही करतो.

मग पोटॅशियम. ॲम्प्यूल वेगळ्या कपाटात, कुलपात. दहा मिलीची इवलीशी बाटली, थेट शिरेत गेली तर हृदय थांबवेल अशी. म्हणून ते पाचशेच्या सलाइनमध्येच मिसळायचं. सिस्टर एक ॲम्प्यूल घालतात, बाटली पाच-सहा वेळा उलटीपालटी करतात. नाहीतर सगळं तळाशी बसतं. लाल पेनने लेबल: पोटॅशियम, किती, किती वाजता, सही. शेजारच्या सिस्टरचीही सही.

बाटली पाच तासांत जायची. म्हणजे तासाला शंभर मिली, मिनिटाला तेहेतीस थेंब. सिस्टर चाकी फिरवतात, घड्याळाकडे बघत मोजतात. एकेचाळीस. चाकी थोडी आवळतात. पस्तीस. पुन्हा. तेहेतीस.

रिंगर लॅक्टेटच्या बाटल्या शेजारीच रचलेल्या असतात. पण आजींना साधं मिठाचं सलाइनच का? सिस्टर बोलता बोलता सांगतात. महिनोन्‌महिने पोटातलं आम्ल उलटीतून गेलं. आम्लाबरोबर क्लोराइड गेलं, पाणी गेलं. रक्त अल्कली झालं. किडनी पाणी आणि मीठ धरून ठेवायला बघते, त्या नादात पोटॅशियम सोडून देते. रिंगरमधलं लॅक्टेट शरीरात जाऊन आणखी अल्कलीच होतं. आधी मीठ-पाणी द्यायचं. लघवी सुटली, की पोटॅशियम. रविवारी रात्री आजींना सहा तास लघवी नव्हती. सोमवारी पहाटे दोनशे झाली, तेव्हा पहिलं ॲम्प्यूल घातलं.

"पहिल्या रात्री मुलगा म्हणत होता, लगेच ऑपरेशन करा. त्या पोटॅशियमवर भूल दिली असती तर आजी टेबलावरच गेल्या असत्या. हा आजार महिन्यांचा आहे. दोन-तीन दिवस नीट तयारी केली, तर त्या दिवसांनी नुकसान होत नाही. घाईने होतं."

सकाळी १०:५०

खाली योजनेच्या खिडकीपाशी मुलगा उभा. महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. आरोग्यमित्र कागद बघतो. रेशनकार्ड केशरी, चालतं. पण त्यावर आजींचं नाव एक, आधारवर दुसरं. मूळ रेशनकार्ड आणि तलाठ्याचा दाखला आणायला सांगतो.

मुलगा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. रोज पाचशे. तीन दिवस खाडा झालाय, उद्या चौथा. आजींना एसटीत तिकीट नाही, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. बायकोला अर्धं. त्याला पूर्ण. गावाला जाऊन यायला दोनशे. तो पैसे मोजतो आणि वॉर्डात निरोप देऊन निघतो. सिस्टर त्याला हाक मारून थांबवतात, जाण्याआधी दुर्बिणीच्या कागदावर सही हवी. कागदावर काय लिहिलंय ते दोन वाक्यांत सांगतात. रक्त येऊ शकतं, भोक पडू शकतं, क्वचित. आजींनाही सांगतात. आजी अंगठा देतात.

सकाळी ११:३५

एंडोस्कोपीच्या खोलीपर्यंत ट्रॉली मामा ढकलतात. लिफ्टपाशी गर्दी, रॅम्पने जावं लागतं. उतारावर मामा पाठ टेकवून उलटे चालतात, म्हणजे ट्रॉली सुटत नाही. सिस्टर बाजूने, एका हातात सलाइन वर धरलेली, दुसऱ्या हातात नळीची बाटली.

आत टेक्निशियनने सक्शन आधी चालवून बघितलंय. आज त्याची गरज लागणार, त्याला ठाऊक आहे. घशात फवारा. बोटाला क्लिप, नाकाला ऑक्सिजन. आजींना डाव्या कुशीवर वळवतात, दातांत प्लॅस्टिकची कडी. आजींना पुढचे दात तीनच, कडी सरकते. सिस्टर ती हाताने धरून उभ्या राहतात.

पडद्यावर जठर दिसतं. तळाला थोडं पाणी, सक्शनने ओढून घेतात. भिंती घडीघडीच्या. डॉक्टर दाराकडे सरकतात. तिथे पांढऱ्या तळाचा व्रण, कडा सुजलेल्या, मधे बारीक छिद्र. दुर्बिणीची जाडी सेंटिमीटरभर. ती पुढे जात नाही. डॉक्टर रेटत नाहीत.

चिमटा आत जातो. व्रणाच्या कडेचे तुकडे, चारी बाजूंनी, आठ. एक तुकडा पुरत नाही, कारण कॅन्सर असला तर तो कडेच्या एकाच कोपऱ्यात लपलेला असू शकतो. टेक्निशियन सुईच्या टोकाने प्रत्येक तुकडा उचलून फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतो. लांबून घेतलेले दोन छोटे तुकडे पिवळ्या किटवर.

पंधरा मिनिटांत पिवळा रंग गुलाबी होतो. एच. पायलोरी. मार्शल आणि वॉरन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात ओळखलेला हाच जंतू. आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल चालू असताना हा रंग कधी कधी येत नाही. आज आला.

"म्हणजे साधा अल्सर?" इंटर्न विचारते.

"जंतू दोन्हीकडे सापडतो," डॉक्टर म्हणतात. "अल्सरमध्येही, कॅन्सरमध्येही. आज फुग्याने दार रुंद करायचं नाही. तुकड्यांचा रिपोर्ट येऊ दे. पण तोवर बाईंना उपाशी ठेवायचं नाही."

त्या छिद्रातून बारीक तार जाते. तारेवरून पातळ नळी, दाराच्या पलीकडे, लहान आतड्यात. तोंडातून आलेलं नळीचं टोक घशातून फिरवून नाकाबाहेर काढतात. आता आजींच्या दोन्ही नाकपुड्यांत नळी. जाड नळीतून बाहेर काढायचं, बारीक नळीतून आत घालायचं.

आजी बाहेर आल्यावर टेक्निशियन दुर्बीण साबणाच्या पाण्यात बुडवतो, आतल्या नळीत ब्रश घालतो, मग ग्लुटारल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं. हातमोज्यांतूनही त्याच्या बोटांना कायमचा वास आहे. बाहेर अजून अकरा जण बाकावर.

दुपारी १२:५०

एक्स-रे. बारीक नळीचं टोक जिथे हवं तिथे. रेसिडेंट सही करतो.

सिस्टर डबा उघडतात. थंड पोळी, मेथी. कँटीनचा चहा दहा रुपयांचा, तो मावशींनी आणलेला. सहा घास झाल्यावर सात नंबरची सलाइन संपल्याची हाक येते. त्या उठतात. उरलेली पोळी दहा मिनिटांनी उभ्यानेच.

दुपारी १:४०

आहारतज्ज्ञ येऊन गेल्या. बारीक नळीला दुधाची पेज चालत नाही, चोंदते. डब्यातली पावडर हवी. वॉर्डात ती संपलीय, मागणी गेलीय, उद्या येईल. सून समोरच्या मेडिकलमधून आणते. साडेसहाशे. नवऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून दीडशे जास्त. ती बिल घडी करून ब्लाउजमध्ये ठेवते, योजनेच्या खिडकीवर दाखवायला.

फीडच्या आधी थायमिनचं इंजेक्शन. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या अंगात एकदम साखर गेली, तर फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, रक्तात कमी पडतं. हृदयाचे ठोके बिघडतात. उपाशी माणसाला पोटभर वाढण्याचा मोह सगळ्यांना होतो, नातेवाइकांना जास्तच. सुनेला सिस्टर बजावतात. बाहेरून काही नाही, चमचाभर पाणीसुद्धा नाही. तोंड कोरडं पडलं तर ओला कापूस ओठांवर.

दुपारी २:००

फीड सुरू. तासाला वीस मिली. पंप एकच आहे, तो आयसीयूत. म्हणून सलाइनच्या सेटनेच द्यायचं. मिनिटाला सात थेंब. तेहेतीस मोजणं सोपं, सात मोजणं कठीण. एक थेंब पडल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागते, चाकी केसभर हलली तरी चौदा होतात. सिस्टर पूर्ण दोन मिनिटं मोजतात. पंधरा. पुन्हा दोन मिनिटं. चौदा.

आजींच्या खाटेचं डोकं वर केलेलं. त्या विचारतात, "हे काय घालतीस?"

"जेवण, आजी."

"चव न्हाई."

"चव नंतर. आधी ताकद."

दुपारी २:४५

चार्ज द्यायची वेळ होत आली. चार्टवर बेरीज. आत गेलेलं, बाहेर आलेलं, तासातासाचं. जठराच्या नळीतून जेवढं निघेल तेवढं सलाइन जादा द्यायचं, असा शेरा. संध्याकाळी सहाला पोटॅशियम आणि फॉस्फरस पाठवायचं, तेही लिहिलं.

सून खाटेच्या पायथ्याशी उभी. बराच वेळ विचारू की नको असं तिचं चाललेलं.

"सिस्टर, आत्याबाई बऱ्या होतील ना?"

सिस्टर पेन खाली ठेवतात.

"तुकड्यांचा रिपोर्ट आठवड्यात येईल. साधा अल्सर निघाला, तर दुर्बिणीतूनच फुगा घालून दार हळूहळू रुंद करतात. दोन-तीन वेळा लागतं कधी. मग जंतूचा चौदा दिवसांचा कोर्स. फुग्याने नाहीच भागलं तर ऑपरेशन, जठर पुढच्या आतड्याला जोडायचं. आणि कॅन्सर निघाला, तर किती पसरलाय ते बघून ऑपरेशन, नाहीतर दारात जाळी, म्हणजे तोंडाने खाता येईल. कुठलं, ते सर तुमच्या सगळ्यांना बसवून सांगतील. आज कुणालाच माहीत नाही, म्हणून मी उगाच हो म्हणत नाही."

सून मान हलवते.

"पण यातलं काहीही करायचं म्हटलं, तरी एकतीस किलोच्या बाईला ते झेपायला हवं. ते काम आता सुरू झालंय. रोज थोडं वाढवू. तुम्ही एवढंच बघा, हे थेंब थांबले किंवा पोट फुगलं, की लगेच हाक मारायची. रात्री कुणी झोपलं असेल तरी उठवायचं."

"आणि गुडघ्याची गोळी?"

"ती कायमची बंद. गुडघा दुखला तर दुसरी डॉक्टर लिहून देतील, दुकानदार नाही."

दुपारी ३:२०

दुपारच्या सिस्टरनी खाटा बघून घेतल्या, पोटॅशियमच्या कपाटाची किल्ली घेतली, सह्या झाल्या. घरी मुलगी साडेचारला शाळेतून येते. रिक्षा स्टँडवर अजून दोनच सीट भरल्यात. सिस्टर तिसरी सीट धरतात आणि मोबाइलवर उद्याचा ड्यूटी चार्ट बघतात. उद्याही सकाळ, त्याच वॉर्डात. सकाळी पोहोचल्यावर पहिलं काम ठरलेलं आहे. रात्री फीडचे किती मिली गेले, नळीतून किती आलं, आणि पोटॅशियम किती. ते तीन आकडे नीट असतील तर वीसचे चाळीस करायचे.